झोपेचं पेप्टाइड उंदरापर्यंत पोचवताना: फॉर्म बी ते क्लोजिंग रिपोर्ट

मी बडोद्यात पीएचडी करते, विषय सर्केडियन रिदम, म्हणजे शरीरातलं चोवीस तासांचं घड्याळ. गेल्या महिन्यात माझा पहिला प्रयोग कागदोपत्री बंद झाला आणि फाइल कपाटात गेली, म्हणून आता लिहायला बसलेय. सुरुवात केली तेव्हा पेपर ढीगभर वाचले होते पण पेपरात "पेप्टाइड विकत घेतलं" एवढं एकच वाक्य असतं आणि त्या एका वाक्यामागे अर्धं वर्ष जातं हे कुणी सांगत नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या सीनियर्सशी बोलून कळलंय की सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं.

आधी विषय थोडक्यात, कारण घरचे आणि एमएस्सीची मुलं दोघंही इथेच अडकतात. झोप म्हटलं की सगळे मेलाटोनिन म्हणतात, पण मेलाटोनिन पेप्टाइड नाही, तो ट्रिप्टोफॅनपासून बनणारा छोटा रेणू आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस नावाचा साधारण वीस हजार पेशींचा ठिपका आहे, तेच मुख्य घड्याळ, आणि तिथल्या पेशी एकमेकींशी वेळ जुळवतात ती मुख्यतः व्हीआयपी (व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टाइनल पेप्टाइड) आणि व्हॅसोप्रेसिन या पेप्टाइड्समधून. ऑरेक्सिन हे जागं ठेवणारं पेप्टाइड १९९८ मध्ये सापडलं, ते कमी झालं की नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार होतो, आणि त्याचा रिसेप्टर (पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा) अडवणारं सुव्होरेक्संट हे झोपेचं औषध अमेरिकेत २०१४ ला मंजूर झालं. मला या विषयात ओढलं ते जपानमधल्या क्योटोच्या शास्त्रज्ञांच्या २०१३ च्या कामाने: व्हॅसोप्रेसिनचे दोन रिसेप्टर, व्ही१ए आणि व्ही१बी, काढून टाकलेले उंदीर जेट लॅगमधून जवळजवळ लगेच सावरतात. तो आलेख बघून मी ठरवलं की हेच करायचं.

पण पहिला प्रयोग व्हॅसोप्रेसिनवर नको असं मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, म्हणाल्या. त्यासाठी औषध थेट मेंदूत सोडायला लागतं, म्हणजे कवटीवर शस्त्रक्रिया, कॅन्युला (औषध सोडायची बारीक नळी), भूल, नंतरची देखभाल, आणि पहिल्याच अर्जात एवढं मागितलं तर प्राणी-प्रयोगांना परवानगी देणारी कमिटी परत पाठवणार. म्हणून डीएसआयपी नावाचं पेप्टाइड घेतलं. नऊ अमिनो आम्लं, पोटात इंजेक्शनने देता येतं, बनवायला स्वस्त. त्याची कथाही विचित्र आहे. सत्तरच्या दशकात बाझलमध्ये झोपवलेल्या सशांच्या मेंदूकडून येणाऱ्या रक्तातून ते वेगळं काढलं, १९७७ मध्ये रचना कळली, डेल्टा स्लीप इंड्यूसिंग पेप्टाइड असं भारदस्त नाव मिळालं, आणि आजवर ना त्याचा जीन नक्की सापडलाय ना रिसेप्टर. मॅडम म्हणाल्या, "ज्याचा पत्ताच माहीत नाही त्याच्या घरी चाललीस, बघ बाई." प्रश्न मात्र सोपा ठेवला: उंदरांचा दिवस अचानक सहा तास पुढे सरकवला तर डीएसआयपी दिलेले उंदीर सलाइन दिलेल्यांपेक्षा लवकर जुळवून घेतात का.

जानेवारी २०२४ मध्ये हे ठरलं. मार्चमध्ये फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, लिहायला घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्राण्यांवर काहीही करायचं असेल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, पूर्वी सीपीसीएसईए, आता सीसीएसईए, आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत तिची एक इन्स्टिट्यूशनल कमिटी असते. उंदीर-घुशींसारखे छोटे प्राणी असतील तर परवानगी संस्थेतल्याच कमिटीत होते, मोठ्या प्राण्यांचं दिल्लीला जातं. फॉर्म बी दिसायला साधा वाटतो, पण तीन रकाने जीव खातात. एक, एवढेच प्राणी का, याचं गणित. "आधीच्या पेपरात आठ होते म्हणून आठ" हे चालत नाही, पॉवर कॅल्क्युलेशन (फरक दिसायला किमान किती प्राणी लागतील याचा हिशोब) जोडावं लागतं आणि त्यात इफेक्ट साइझ, म्हणजे केवढा फरक अपेक्षित आहे तो आकडा, कुठून आणला तेही लिहावं लागतं. दोन, प्राण्यांऐवजी दुसरं काही का चालणार नाही. तीन, शेवटी प्राण्यांचं काय करणार. हा तिसरा रकाना मी सगळ्यात शेवटी भरला, पेन हातात धरून बराच वेळ बसले होते. ज्यांना या कामाची सवय झालीये त्यांना हे हसू येईल, येऊ दे.

टीप: कमिटीच्या मीटिंगची तारीख कळल्याशिवाय काहीही प्लॅन करू नका. आमच्याकडे वर्षातून मोजक्याच मीटिंग होतात, कारण बाहेरून नेमलेले सदस्य एकाच दिवशी यायला हवेत. एप्रिलची मीटिंग पुढे ढकलली गेली आणि जुलैत झाली. मधले महिने मी चाकं बनवली. बाहेरची तयार रनिंग व्हील सिस्टिम लाखांत जाते, म्हणून स्टीलची चाकं करून घेतली, प्रत्येक चाकाच्या कडेला बटणाएवढं लोहचुंबक चिकटवलं, समोर पिंजऱ्याच्या जाळीवर रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारं बटण), आणि वायर आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डला. चाक एकदा फिरलं की एक टिक. एका पिंजऱ्याचा खर्च सगळा धरून अकराशेच्या आसपास आला. चुंबक फेव्हिक्विकने लावू नका, उंदीर कुरतडतात, इपॉक्सी लावा आणि बाहेरच्या बाजूने लावा.

जुलैची मीटिंग. बाहेर बाकावर आम्ही चार-पाच जण फाइली घेऊन, आत प्रत्येकाला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. बाहेरच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने पहिलाच प्रश्न टाकला की सी५७ जातीचे उंदीर तर जवळजवळ मेलाटोनिन बनवतच नाहीत, मग झोपेच्या अभ्यासाला हेच का? हा प्रश्न येणारच असं सीनियरने सांगून ठेवलं होतं, त्यामुळे उत्तर तयार होतं: त्यांचं घड्याळ तरीही नीट चालतं, जगभरचा व्हील रनिंगचा डेटा याच जातीचा आहे, आणि मेलाटोनिन नसल्यामुळे पेप्टाइडचा परिणाम वेगळा बघता येतो. मग कमिटीतले विज्ञानाबाहेरचे सदस्य असतात ना, समाजातले प्रतिनिधी म्हणून नेमलेले, वयस्कर गृहस्थ होते, इतका वेळ शांत बसलेले, त्यांनी गुजरातीत विचारलं, "बेन, उंदर ऊंघे छे के खाली बेठो छे, ए तमने केवी रीते खबर पडशे?" म्हणजे, उंदीर झोपलाय की नुसता बसलाय, हे तुम्हाला कसं कळणार?

सगळ्या मीटिंगमधला सगळ्यात चांगला प्रश्न होता तो. चाक थांबलंय म्हणजे उंदीर झोपलाय असं नाही, तो कोपऱ्यात बसून मिशा साफ करत असेल. झोप मोजायची तर डोक्यात इलेक्ट्रोड बसवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, घ्यावा लागतो. मी तसं सांगितलं, आणि मिनिट्समध्ये (मीटिंगच्या लेखी नोंदीत) अट आली: शीर्षकातून "झोप" काढा, "विश्रांती-हालचालीची लय" असं करा. खरं सांगू, त्या बदलाने माझा अख्खा सिनॉप्सिस सुधारला. ज्यांच्याकडे ईईजी नाही त्यांनी आधीच हे करून जा, वेळ वाचेल.

मंजुरी त्याच दिवशी तोंडी मिळाली, पत्र हातात यायला ऑगस्ट संपत आला, कारण मिनिट्सवर सगळ्या सदस्यांच्या सह्या लागतात. ते पत्र, त्यावरचा प्रोटोकॉल नंबर, याशिवाय प्राणी मिळत नाहीत आणि आमच्या अकाउंट्समध्ये पेप्टाइडचा इंडेंटही (खरेदीचा मागणी अर्ज) हलत नाही. पत्राच्या रंगीत झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ पत्र कुणालाही देऊ नका.

आता खरेदी. दोन पर्याय असतात, कॅटलॉगमधलं आयात केलेलं किंवा भारतात कस्टम बनवून घेतलेलं. आयात म्हणजे महाग, कस्टम्स, आणि अहमदाबादच्या उन्हात कार्गोमध्ये पडून राहायची भीती. कस्टम बनवून घेताना कंपनी अमिनो आम्लामागे दर लावते, त्यामुळे नऊवाल्या डीएसआयपीला परवडतं, अठ्ठावीसवालं व्हीआयपी घ्यायला गेलं की आकडा बघून घाम फुटतो. तीन कोटेशन लागतात. माझ्या तीनपैकी एकात शुद्धता लिहिलीच नव्हती, एकात "क्रूड" होतं, म्हणजे साफ न केलेलं, आणि कागदावर तेच सगळ्यात स्वस्त. क्लार्क म्हणणार एल-वन (सगळ्यात कमी किमतीचं कोटेशन) तेच, त्यालाच द्या. म्हणून कोटेशन मागवतानाच स्पेसिफिकेशन लिहून द्या: रचना, किती मिलिग्रॅम, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ९५ टक्क्यांच्या वर शुद्धता, मास स्पेक्ट्रोमेट्रीचा (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट, नेट पेप्टाइड कंटेंट, शक्य असेल तर पेप्टाइडबरोबर येणारं मीठ टीएफए ऐवजी ॲसिटेट सॉल्ट. मग तुलना सारख्याशी सारखी होते आणि क्रूडवाला आपोआप बाहेर पडतो. दहा मिलिग्रॅमचे मला साडेचौदा हजार पडले, जीएसटी वेगळा. जुने लोक सांगतील की संशोधन संस्थांना पाचच टक्के लागतो, ती सवलत जुलै २०२२ मध्ये गेली, बजेटमध्ये पूर्ण कर धरा.

सप्टेंबरमध्ये इंडेंट दिला आणि मग फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. स्टोअरचे काका मराठी, दांडिया बाजारातले, त्यांनी एक गोष्ट शिकवली की फाइल कुठे आहे ते फोनवर विचारायचं नाही, स्वतः जायचं आणि फक्त इन्वर्ड नंबर सांगायचा. नवरात्र आली, मग दिवाळी. बडोद्यात नवरात्रीत कुणाकडून सही घेऊन दाखवा. ऑर्डर निघाली नोव्हेंबरच्या मध्यावर, बनवायला पाच-सहा आठवडे.

याच काळात इंदूरहून आत्याचा फोन. तिला बरीच वर्षं झोप लागत नाही, आणि कुणीतरी तिला मोबाइलवर दाखवलं की डीएसआयपीचं इंजेक्शन घेतलं की गाढ झोप लागते, पाच मिलिग्रॅमची बाटली घरपोच. "अगं तू त्याच्यावरच शिकतेस ना, मग दोन बाटल्या आणून दे की." हसून सोडण्यासारखं नव्हतं, म्हणून नीट सांगितलं. आत्या, हे भारतात किंवा अमेरिकेत झोपेचं औषध म्हणून मंजूर नाही. माणसांवरचे अभ्यास बहुतेक ऐंशीच्या दशकातले, छोटे छोटे, आणि १९९२ च्या डबल-ब्लाइंड अभ्यासात जुनाट निद्रानाशाच्या रुग्णांना त्याचा फारसा फायदा दिसला नाही. त्या बाटलीवर "फक्त संशोधनासाठी" लिहिलंय म्हणजे आत निर्जंतुक आहे का, लेबलवरचंच आहे का, किती आहे, याची जबाबदारी विकणाऱ्याने कागदोपत्री झटकलेली आहे. आमच्या लॅबमधलंसुद्धा उंदरासाठी आहे, माणसाला टोचायच्या दर्जाचं नाही. ती म्हणाली, "मग तू करतेस तरी कशाला?" मी म्हटलं ते कळावं म्हणूनच. शेवटी ती तिकडे डॉक्टरांकडे गेली, तिला घोरताना श्वास थांबायचा त्रास निघाला, रात्रीची टेस्ट झाली आणि आता मशीन लावून झोपते. तिची अडचण बाटलीने सुटणारी नव्हतीच.

पार्सल डिसेंबरच्या शेवटी आलं. ऑर्डरवर मी "सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवा" असं लिहून घेतलं होतं, ते प्लीज तुम्हीही लिहा, नाहीतर शनिवारी गेटवर सिक्युरिटीच्या टेबलावर पार्सल आणि सोमवारपर्यंत जेल पॅक कोमट. थर्माकोलच्या डब्यात छोटी तपकिरी काचेची बाटली, आणि बाटलीत, बघितलं तर काहीच नाही. खरंच. उजेडाकडे धरून तिरकी केली तेव्हा तळाशी पांढरी विरळ जाळी दिसली, फुंकर मारली तर उडेल अशी. साडेचौदा हजार. लगेच उघडायची नाही, हे महत्त्वाचं: फ्रीजरमधून काढलेली बाटली थंड असताना उघडली तर हवेतली वाफ आत पावडरीवर बसते, म्हणून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच झाकण. आणि डीएसआयपीचं पहिलंच अमिनो आम्ल ट्रिप्टोफॅन, ते उजेडाने आणि ऑक्सिजनने खराब होतं, म्हणून तपकिरी काच.

सर्टिफिकेट वाचायला शिका. मास स्पेक्ट्रममध्ये मला ८४९.३ ला शिखर हवं होतं, कारण रेणूचं वस्तुमान ८४८.३ आणि त्यावर एक प्रोटॉन. ते होतं. शुद्धता ९८ टक्के, छान. पण त्याखाली बारीक अक्षरात नेट पेप्टाइड कंटेंट ८४ टक्के. या दोन आकड्यांत सगळे गोंधळतात. ९८ म्हणजे जेवढं पेप्टाइड आहे त्यातलं आपल्याला हवं ते किती, आणि ८४ म्हणजे वजनात खरं पेप्टाइड किती, बाकीचं पाणी आणि मीठ. म्हणजे दहा मिलिग्रॅममधलं खरं ८.४ च. डोस याच आकड्यावर काढायचा. मग एकदाच विरघळवून एका दिवसाला पुरेल एवढं एकेका ट्यूबमध्ये घालून उणे वीसला, कारण पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं पेप्टाइडला सोसत नाही. डीएसआयपी आम्लधर्मी आहे, साध्या पाण्यात कुरकुर केली तर किंचित अमोनियम बायकार्बोनेट घाला, लगेच विरघळतं.

प्रयोग जानेवारीत सुरू करता आला असता पण उत्तरायण मध्ये होतं. गच्चीगच्चीवर स्पीकर, रात्री फटाके, आणि आवाज हीसुद्धा घड्याळाला मिळणारी खूण असते. म्हणून प्राणी जानेवारीच्या शेवटी घेतले, नोंदणीकृत ब्रीडरकडून, आणि दोन आठवडे नुसतं स्थिरावू दिलं. त्या दोन आठवड्यांत मी खोली काळी केली. दार बंद करून अंधारात वीस मिनिटं उभं राहायचं, डोळे सरावले की मग कळतं की एसीचा हिरवा दिवा, स्मोक डिटेक्टरचा लाल ठिपका, दाराखालची फट, एक्स्टेन्शन बोर्डचा इंडिकेटर, सगळं लुकलुकतंय. काळी टेप, दाराखाली जाड रबर. टायमरला इन्व्हर्टर जोडला, कारण लाइट गेली आणि टायमर रीसेट झाला की उंदरांचा दिवस बदलला आणि तुमचा महिना गेला.

दुसरी टीप, दिवस उलटा करा. उंदीर रात्री जागे असतात, म्हणून मी दुपारी बाराला दिवे बंद होतील असं ठेवलं. इंजेक्शन दिवे जायच्या आधीच्या तासात, अकरा ते बारा, माणसासारखी वेळ. पण सहा तास पुढे सरकवल्यावर दिवे पहाटे सहाला बंद, म्हणजे मी पाचला लॅबमध्ये. फेब्रुवारीतली पहाट, बाबा रोज स्कूटरवर सोडायला यायचे, मागे बसून मी अर्धी झोपलेली, आणि परतताना ते सेव-उसळ बांधून घरी न्यायचे, त्यांचा हिशोब वसूल. उंदरांना जुळवून घ्यायला साधारण आठवडा लागतो, मला त्याहून जास्त लागला. इंजेक्शनची वेळही त्या तासात रोज थोडी मागेपुढे करायची, कारण रोज ठरावीक मिनिटाला उचलून टोचलं तर उंदीर त्या टोचण्यावरच घड्याळ लावायला लागतो. सलाइनचा ग्रुप त्यासाठीच असतो, त्यात काटकसर नको.

निकाल असा की दोन्ही ग्रुपच्या रेषा एकमेकींवर बसल्या. डीएसआयपीवाले किंचित आधी सरकले असं एका बॅचमध्ये वाटलं, दुसऱ्या बॅचमध्ये तेही गेलं. रक्तात हे पेप्टाइड मिनिटांत तुटतं, मेंदूपर्यंत किती पोचलं हे मी मोजलेलं नाही, त्यामुळे "परिणाम नाही" असं न लिहिता "या डोसला, या मार्गाने, फरक दिसला नाही" असं लिहिलं. प्रोग्रेस प्रेझेंटेशनमध्ये एक सर म्हणाले की मग वर्षभर काय केलंत. मॅडमनी माझ्याकडून उत्तर दिलं आणि पुढची स्लाइड लावायला सांगितली. त्या दिवशी घरी आले ती सरळ झोपले, बारा तास.

मे महिन्यात प्रयोग थांबला, पण फाइल बंद व्हायला बराच वेळ गेला. क्लोजिंग रिपोर्टमध्ये मंजूर किती प्राणी, वापरले किती, उरले किती, आणि प्राणीगृहाच्या रजिस्टरशी एकेक आकडा जुळायला लागतो. माझे मंजूर संख्येपेक्षा कमी लागले, तेही कारणासकट लिहावं लागलं. प्राणीगृहाच्या रजिस्टरचे फोटो दर आठवड्याला काढून ठेवले होते म्हणून हे एका दुपारी झालं. कुरिअरची पावती, सर्टिफिकेट, टायमरच्या नोंदी, फ्रीजरचं तापमान लिहिलेली वही, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, रिव्ह्यूअर बॅच नंबर विचारतो आणि तेव्हा बाटली तुमच्याकडे नसते. उरलेल्या ट्यूब मोजून स्टॉक रजिस्टरमध्ये चढवल्या आणि चावी मॅडमकडे दिली. व्हॅसोप्रेसिनच्या ब्लॉकरचा नवीन फॉर्म बी पुढच्या मीटिंगला लागलाय, या वेळी कॅन्युलासकट, आणि शीर्षकात "झोप" हा शब्द कुठेही नाही.